देखभालीसाठी योग्य

"तू धू. तुमच्या हातांना सवय असते."

सर असं म्हणले अन् माह्यापुढं बरणी सरकवली. वाशीमचं कॉलेज, बीएस्सी दुसरं वर्ष, प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल. वर्गात आमी बावीस जण, अन् बोट माह्या एकटीकडं. बरणीतलं मेलेले जीव टिकवाचं फॉर्मेलिन पिवळं पडलं होतं, ते फेकून बरणी धुवाची, नवं भराचं. हातमोजे नव्हते. डोळ्यातून पाणी गळाले लागलं तसं मांगच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हासलं. सर नाई हासले. त्याईले त्यात काई वावगंच वाटलं नसन. विभागाचा शिपाई रिटायर झाला होता, नवा आला नव्हता, अन् किन्हीराजाच्या बौद्ध वस्तीतली एक पोरगी फुकट भेटली होती.

मी बरणी धुतली. हो, धुतली. तवा मले नाई म्हणता आलं नाई, हे आधीच सांगून टाकते. इंटर्नल मार्क सरच्या हातात होते.

मंग ती रीतच पडून गेली. दोन वर्षं प्रॅक्टिकलच्या तासाले बाकीचे मायक्रोस्कोपले डोळा लावून आकृत्या काढत, अन् मी बेसिनपाशी. पन्नासेक बरण्या होत्या. तारामासा, समुद्रकाकडी, समुद्रघोडा, जेलीफिश. समुद्र मी अजून पाह्यला नाई. पण त्याच्यातले एवढे जीव माह्या हातून गेले, की डोळे मिटून सांगन कोणाचा कोणता हात तुटेल हाय.

लेबलं पुसट झाली होती. ती नवी लिहाले सरनं मलेच लावलं. लिहिता लिहिता मले खटकलं. सापासारख्या हाताच्या ब्रिटल स्टारच्या बरणीवर पिसासारख्या हाताच्या फेदर स्टारचं नाव, अन् त्याच्या बरणीवर याचं. लायब्ररीत दोन पुस्तकं काढली, चित्रं ताडून पाह्यली. सरले सांगतलं. सर म्हणले, तुला धुवायला सांगितलंय, तपासायला नाही. परीक्षेत नेमक्या त्याच दोन बरण्या आल्या. एकवीस जणाईनं लेबलावरून पाठ केलेलं लिहिलं, त्याईले पूर्ण मार्क. मी खरं लिहिलं, माहे कापले. त्या दिवशी मले रडू नाई आलं. राग आला, अन् त्या दिवसापासून मी कोणावर सहजी इस्वास ठेवत नाई.

तं पदवी झाली. मोबाईलवर एक जाहिरात दिसली. समुद्रकाठची एक संस्था. सहा महिन्यांची इंटर्नशिप. शाळेच्या लेकराईले ओहोटीच्या वेळी खडकात न्याचं, तिथले जीव दाखवाचे, समजून सांगाचे. राहाची सोय, थोडे पैसे. जीवशास्त्राची पदवी पाह्यजे, मराठी बोलता आलं पाह्यजे. मी ती जाहिरात पाचदा वाचली, यात कुठं फसवणूक तं नाई म्हणून. पैसे भराले सांगत नव्हते. तरी संस्थेचा नंबर दुसरीकडून काढून फोन लावला. खरी निघाली. मले ते काम पाह्यजे होतं. दुसरं काई म्हणजे काई नाई, तेच पाह्यजे होतं. जन्मात पहिल्यांदा मी बोलणार अन् दुसरे ऐकणार.

अर्जासोबत दोन गोष्टी मागतल्या होत्या. सहावीच्या लेकराईले शिकवल्यासारखा तीन मिनिटांचा व्हिडिओ, अन् शिक्षकाचं शिफारसपत्र, बंद पाकिटात. आमच्या कॉलेजात तो विषय शिकवणारे सर एकच.

गेली. सरनं बसाले खुर्ची देल्ली. तिथंच माह्या मनात पाल चुकचुकली. ज्या माणसानं दोन वर्षात मले स्टूल देल्लं नाई, तो खुर्ची देऊन राह्यला, घरचे कसे हायेत इचारून राह्यला. अर्ध्या तासात पत्र तयार. पाकीट चिकटवून वर आडवी सही मारली. म्हणले, उघडायचं नाही हं, तसा नियम आहे. वर म्हणले, चांगलंच लिहिलंय.

चांगलंच हाय तं सांगाची गरज काय? वाशीमच्या स्टँडवर मालेगावच्या गाडीले येळ होता. मी बाकड्यावर बसली, पाकीट मांडीवर. बाई, नियम हाय, म्हणून सोताले समजावलं. मंग म्हणलं, नियम कोणाचा? अन् फाडलं.

इंग्रजीत होतं. मी दोनदा वाचलं. मुलगी प्रामाणिक आहे, आज्ञाधारक आहे. तिच्या समाजातले विद्यार्थी कष्टाला मागे हटत नाहीत. बरण्या आणि टाक्यांच्या स्वच्छतेचा तिला उत्तम अनुभव आहे. मुलांसमोर उभे करण्यापेक्षा देखभालीसाठी योग्य.

शिवी असती तं बरं झालं असतं. शिवीले उत्तर देता येते. हे कौतुक होतं. त्या माणसानं मनापासून कौतुक केलं होतं. गाडी आली अन् गेली, मी तिथंच बसून.

घरी मायले वाचून दाखवलं. माय निंदून आली होती, हातपाय धूत होती. आयकून घेतलं अन् म्हणली, खराब तं काई लिहिलं नाई त्यानं. जाय, घुस एकदा तिथं. आत गेल्यावर पाहू.

मी म्हणली, "माय, झाडू घेऊन आत गेली तं झाडूच राहीन. कॉलेजात तेच झालं."

मायनं पदराले हात पुसले. मंग म्हणली, "मंग घरात काहून फनफनतं? त्याच्या तोंडावर जाऊन बोल."

दुसऱ्या दिवशी गेली. विभागात आणखी दोन मॅडम बसल्या होत्या. बरं झालं, मले साक्षीदार पाह्यजेच होते. फाटकं पाकीट टेबलावर ठेवलं. सर आधी पाकिटावरच चिडले, उघडलंच कसं म्हणून. मंग आवाज मऊ केला. म्हणले, अगं, प्रत्येकाला आपली बलस्थानं माहीत हवीत.

"सर, मले टाक्या धुवाले नाई जाचं. शिकवाले जाचं हाय. तुमी एकच ओळ लिहा. प्रॅक्टिकलच्या तासाले मी हिच्याकडून बरण्या धुऊन घेतल्या. एवढंच लिहा, खाली सही करा. मी तेच पत्र जोडते."

एका मॅडमनं मान खाली घातली. दुसरी खिडकीबाहेर पाहाले लागली. सरचा चेहरा लाल झाला. म्हणले, शिफारशीशिवाय तुझा अर्ज कोण हातात घेतो, ते मीही बघतो. मी म्हणली पाहा, अन् पत्र तिथंच सोडून निघाली. शूरबिर काई नव्हती मी. पण मांगं न पाहता जिना उतरली.

शिफारशीच्या रकान्यात मी लिहिलं, पत्र घेतलं होतं, वाचलं, परत केलं. काहून परत केलं ते खाली सहा ओळीत. बरण्या, तास, मार्क, सगळं. व्हिडिओ विहारात काढला. वस्तीतले पाच पोट्टे पाठीले पाठ लावून गोल बसवले, पाय बाहेर पसरवले, अन् सांगतलं की आता तुमी तारामासा. याले डोकं नसते, तरी हा चालते. एक पोट्टा म्हणे, ताई, आमच्या हेडमास्तरसारखा. मी हासली. ते हासणं व्हिडिओत तसंच राहू देल्लं.

पंधरा दिवसांनी संस्थेचा फोन आला. बाईचा आवाज लय गोड. व्हिडिओ खूप आवडला म्हणे, मुलं किती छान रमली म्हणे. माय चुलीपाशी होती, तिनं भाकर थापता थापता हात थांबवला. मी सावध झाली. एवढ्या गोडात पाणी कुठंतरी मुरत असते.

मंग बाई म्हणली, तुमच्या सरांचं पत्र मेलवर आलं बरं का, फार चांगलं लिहिलंय त्यांनी तुमच्याबद्दल.

मी परत केलं तेच पत्र. टेबलावर सोडलं तेच पत्र. सरनं परस्पर धाडून देल्लं.

बाई बोलतच होती. शिकवण्याच्या जागा सध्या भरल्यासारख्याच आहेत, पण आमच्या मत्स्यालयात टाक्यांच्या देखभालीला माणूस हवंय. तुम्हाला अनुभवही आहे. या तर खऱ्या, पुढचं पुढे बघू.

मी इचारलं, मी रकान्यात लिहिलं ते वाचलं काय? म्हणे, वाचलं, वाईट वाटलं, पण अशा गोष्टी मनात धरून ठेवू नयेत.

मी आवाज चढवला नाई. चढवला असता तं तेवढंच त्याईच्या ध्यानात राह्यलं असतं.

"मॅडम, माहा अर्ज शिकवाच्या जागेसाठी हाय. माही मुलाखत घ्या. नसन घ्याची तं नाई म्हणून लिहून द्या, अन् काहून नाई तेबी लिहा."

"असं आम्ही लेखी देत नाही."

"मंग माहा अर्ज चालूच हाय."

फोन मी ठेवला. मायनं इचारलं, गेलं काय हातचं? मी म्हणली, जाईन बी. तिनं भाकर तव्यावर टाकली.

तवापासून दर सोमवारी मी त्याईले मेल करते. तारीख टाकून, अर्जाचा नंबर टाकून, तेच दोन प्रश्न. मुलाखत कधी? नसन तं काहून नाई? कॉलेजच्या प्राचार्याले बी अर्ज देल्ला, की प्रॅक्टिकलच्या तासाले मी काय करत होती त्याची चौकशी करा. पोचपावती शिक्का मारून घेतली. क्लर्क म्हणे, ताई, ठेवून जा, पावती कायले पाह्यजे. मी म्हणली, पाह्यजे, अन् शिक्का पडेपर्यंत खिडकीपासून हटली नाई.

दुसरीकडं बी अर्ज करून राह्यली. सगळे शिकवाच्याच जागेचे. गोड बोलून मले कोणी आता दुसऱ्या दारानं आत घेणार नाई. दार लावाचं असन तं लावा. पण कोणी लावलं अन् काहून लावलं, ते तुमच्या सहीनिशी मले कागदावर पाह्यजे. तोवर मी हटत नाई.