फुकटच्या पाण्यावरचा वाल

सरूमावशीचा वाल मेला, आणि लोक म्हणतात तिनेच मारला. चोर राहिले बाजूला! माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

बदलापूर गावामागे मावशीचं भाताचं एकच खाचर उरलंय. भात कापला की ओल असतानाच ती त्यात वाल पेरते. बियाणं तिच्या आईचं, बारीक दाण्याचं, कडवं. पेरल्यावर वरून पाण्याचा थेंब द्यायचा नाही, ही घरची रीत. वरची माती वाळते तशी मुळं ओलीमागे खाली उतरतात. "तेंचं तेंना शोधू दे," मावशी म्हणायची.

यंदा पाऊस लवकर आटोपला. तरी वाल तगला असता. पण शेजारी टॉवर उठतोय. पायाच्या खड्ड्यात झिरपणारं पाणी उपसायला पंप सतत चालू. मुळं वीतभर उतरेपर्यंत ओल हातभर खाली पळालेली. रोपांनी माना टाकल्या. मावशी साइटवर भांडायला गेली, तर सुपरवायझर सुयोग हसला.

"टेन्शन नको, मावशी. पाणी गटारातच जातंय ना? पाइप देतो, बिनधास्त मारा."

तिच्याच मातीखालचं पाणी, आणि तिलाच दान! मावशी नको म्हणत होती. पण तिच्या नवऱ्याला, सखाकाकांना, सुकणारं शेत बघवेना. त्यांनी पाइप ओढून आणला. एवढं पाणी आहे म्हणून मडक्यात राखलेलं बीसुद्धा मोकळ्या जागी टोकून टाकलं.

वाल तरारला, फुलावर आला. तेवढ्यात टॉवरचा पाया भरला. पंप गेला, पाइपही गेला. शेंग धरायच्या आत सगळं करपलं. मावशीने एक रोप उपटलं. मुळांचा गुंता वरच्या चार बोटं मातीतच पसरलेला. आयतं मिळाल्यावर खाली उतरतंय कोण?

ते रोप तिने सुयोगसमोर धरलं. "तुमच्या पान्यानं मेलं हे."

"पाणी दिलं तरी आमच्याच नावाने बोंब?" तो उलटून म्हणाला. गावातही आता हेच चाललंय, सरूला पाणी घालायची अवदसा कुठून आठवली म्हणून. पंपाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

शेवटी मावशी बियाण्यासाठी माहेरी गेली. तिचा भाऊ, किसनमामा, खाली मान घालून बसला.

"आमी कवाच सोडला वाल, सरू. लागलं तर तुझ्याकडं हाय, म्हनून निवांत होतो."

मावशीने आणलेली पिशवी तशीच घडी घालून कमरेला खोचली.