आईची द्राक्षासवाची बाटली

सौदीत जुबैलला आमच्या प्लांटवर एक फ्रेंच इंजिनिअर आहे. माझ्याहून वयाने बराच मोठा. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून बसून मैत्री झाली. त्याच्या घरचे द्राक्षमळे दक्षिण फ्रान्समध्ये आहेत. इथे दारूला बंदी, म्हणून तो तिकडच्या लाल वाइनबद्दल नुसता बोलतो. ती कडक उन्हातल्या द्राक्षांची, दाट, जराशी मिरीच्या वासाची असते म्हणे. तिच्यापुढे साधा मासा बिचारा हरवून जातो. तिला मेंढीचं मटण लागतं, भाजलेलं वांगं लागतं, नाहीतर पांढऱ्या घेवड्याचा दाट रस्सा.

मी तालुक्याच्या गावी शिकलो, घरातला पहिला पदवीधर. या नोकरीने घरावर स्लॅब पडला, त्यामुळे इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मी देवाच्या तसबिरीसारखा जपतो. दारूचं तर आमच्याकडे नावही काढत नाहीत. मामाने पिऊन जमीन घालवली, तेव्हा आईने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं.

गेल्या हिवाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली. एका शुक्रवारी मी त्या मित्राला जेवायला बोलावलं. आईने मटणाचा काळा रस्सा आणि भरली वांगी केली होती. त्याने रस्सा भाकरीने पुसून खाल्ला आणि डोळे मिटून म्हणाला, "या जेवणाशेजारी आमच्या गावची बाटली हवी होती."

"काय म्हणतायत साहेब?" आईने विचारलं.

"जेवण आवडलं म्हणतोय."

"जड जेवलेत हो. थांब."

ती आत गेली आणि वाटीत काहीतरी घेऊन आली. पोट जड झालं की आमच्याकडे पाहुण्यालाही द्राक्षासव देतात, दोन चमचे, तितकंच पाणी घालून. तिने ती बाटली गावच्या आयुर्वेदिक दुकानातून आणली होती. बॅग मीच व्हिडिओ कॉलवर सांगून भरून घेतली होती. लोणच्यांना दोन-दोन पिशव्या घातल्या होत्या.

त्याने वाटी तोंडाला लावण्याआधी नाकाशी नेली. सवयच ती. मग हसू मावळलं.

"हे काय आहे?"

"औषध. द्राक्षांचं."

"आंबवलेलं?"

मी बाटली आणली. त्यावर बारीक अक्षरात स्वयंनिर्मित अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं होतं. मी केमिकल इंजिनिअर. यीस्ट साखरेचं काय करतं, यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली आहेत. पण आसव म्हणजे आजोबांच्या फळीवरचं औषध, ते त्या पानांत कधी आलंच नाही. ही बाटली विमानतळावरून आली होती, आईच्या बॅगेतून.

त्याने वाटी हळूच खाली ठेवली. "आणखी कोणाला दिलंत?"

"नाही."

"मग आत्ताच ओतून टाक." तो चहा न घेताच निघाला. दारात आईला हात जोडले, मला म्हणाला, "तुझ्या आईला ओरडू नकोस."

आईला मी सांगितलं.

"ह्यात दारू आहे?"

"थोडी. आपोआप होते."

"तुझ्या इकाम्याला काही होईल?"

"आता नाही होणार."

तिने बाटली माझ्या हातून घेतली, सिंकमध्ये उपडी केली आणि नळ पूर्ण सोडला. स्वयंपाकघरभर तो गोड, आंबूस वास पसरला. मला तो लहानपणापासून माहीत होता.

"तू जन्मायच्या आधीपासून घेतेय मी हे," ती म्हणाली. "रोज. तुझ्या मामाला उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्या रात्रीसुद्धा घेतलं होतं."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग पदराने हात पुसले.

"मामाचा नंबर असेल ना तुझ्याकडे? लाव. तू काही बोलू नकोस, मला दे."