फक्त घडीत बसणारं औषध

सुलभा गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी गंगाखेडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होते. रडण्याआधी पोखर्णीला घरी कळवलं. कुणीतरी ते करायलाच हवं होतं.

सुलभा माझी धाकटी नणंद. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या औषधावर काम करायची. डीएनए म्हणजे पिळलेली दोरी, एवढंच मला ठाऊक. ही दोरी काही ठिकाणी स्वतःवरच दुमडून चौपदरी घडी घालते, हे तिनं सांगितलं. कॅन्सरच्या पेशीला वाढायचं तर अशी घडी उलगडावी लागते. घडीवर घट्ट बसणारा छोटासा रेणू मिळाला, तर ती उलगडणार नाही, वाढ अडेल.

मग तिलाच कॅन्सर झाला. उपचारांचा उपयोग होईना, तशी ती पोखर्णीला घरी आली. "माझं औषध माझ्या कामाचं नाही, वहिनी. त्याला लय वर्षं लागतील," एवढंच म्हणाली. पण एक रेणू घडीला घट्ट धरत होता, त्यावरचा शोधनिबंध तयार होता, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत छापून यावा असं तिला फार वाटत होतं. तिची विद्यार्थिनी ऋतुजा दर रविवारी फोनवर निकाल सांगायची. एकदा म्हणाली, "मॅडम, निबंध पाठवू?" सुलभानं विचारलं, "घडीसोबत साधा, घडी नसलेला सरळ डीएनए भरपूर घालून बघितलास?" बघितला नव्हता. घातला, तर रेणू घडी सोडून त्यालाच जाऊन चिकटला.

निबंध थांबला. मी वैतागले. "पाठवून दे की. कोण बघायलंय?"

"सरळ डीएनए सगळ्याच पेशींत असतो, वहिनी. हे औषध धडधाकट पेशींनाही मारील. उद्या कुणी माझ्या नावावर विसंबून पुढं काम केलं तर...?"

सासूबाई डाळ निवडत होत्या. "पर चिकटतंय न्हवं ते?"

"गोखरूबी चिकटतंच की, आई. मेंढीला, कुत्र्याला, धोतराला... त्याला निवड कुठं हाय?"

"स्थळं बी तू अशीच नाकारलीस," सासूबाई म्हणाल्या. सुलभा खूप दिवसांनी हसली.

तो निबंध छापून आला नाही. ऋतुजा मात्र अजून फोन करते. सवय सुटत नाही म्हणते. मी फोन सुलभाच्या खोलीत सासूबाईंसमोर ठेवते. परवा नव्या रेणूचं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं बसलं?"

"घडीतच, आजी. पण अजून सैल आहे."

सासूबाईंनी फोन जवळ ओढला. मग म्हणाल्या, "मंग आत्ताच छापू नको, माय."