सुकली वं माय!

"कसं गुटगुटीत हाय वं लेकरू!" मावशी म्हने, अन् मी पोराले छातीशी घट्ट धरलं. सकाळपासून पोराले हगवन लागलेली, डोये खोल गेलेले, रडाले आवाज नाई. अन् मावशी म्हने गुटगुटीत!

मावशी मंजे आमच्या घरामांगची बाई, नात्याची नाई. मानोऱ्यापासून मालेगावापर्यंत तिले धड दिसलेला मानूस नव्हता. जो तो सुकलेला. मी माहेरून चांगली फुगून आली, तं दारातच म्हने, "सुकली वं माय! तुह्या मायनं खाऊ नाई घातलं का?" थे मंजे, ये, बस. माह्या सासऱ्याले म्हने, "भाऊजी, लय सुकले," तं समजाचं का हिले चहा पाह्यजे. भांडन झालं का तिचा म्हातारा सुके, "सुकलं थोबाड घिऊन कुठी चालले?" मंगरूळपीरच्या उरुसात पयलवान पायला, मांड्या खांबावानी, तं हे हळहळली, "कोनाचं लेकरू हाय बाप्पा, केवढं सुकलं!"

मी एकडाव इचारलं, "मावशी, तुले सारेच कसे सुकलेले दिसतात वं?" तं कानाशी येऊन म्हने, "जे हाय थे तोंडानं म्हनू नाई, पोरी. कोनी ऐकते, अन् घिऊन जाते."

म्हनून गुटगुटीत आयकलं अन् मी समजली, पोराचं काई खरं नाई.

मावशीनंच बंडी जुंपाले लावली. मांडीवर पोरगं, हातात मीठ टाकलेली भाताची पेज, थेंब थेंब त्याच्या तोंडात, अन् रस्ताभर वरडून राह्यली, "गुटगुटीत हाय! गुटगुटीत हाय!" बंडीवाला हासला, "मंग दवाखान्यात कायले नेता?"

"वजन कराले! तू बैल हाक, मुडद्या!"

डॉक्टरनं सुई देल्ली, बाटली लावली. दिवस कलला तवा पोरगं एकदम टाहो फोडून रडलं. मावशीनं वाकून त्याच्या तोंडाकडं पायलं, नाकाले पदर लावला अन् हळूच म्हने, "सुकलं वं माय!"

मी तिथंच खाली बसून रडली.

आता पोरगं चालते. मावशीनं मात्र दिवाळीपासून बाज धरली, अंगावर निस्ती हाडं. काल मी पेज घिऊन गेली तं तिनं माहा हात धरला, "पाय वं, कशी दिसून राह्यली मी?"

सुकली म्हनावं, तं थे तं खरंच हाय. गुटगुटीत म्हनावं, तं तिले लगेच समजन. वाटी हातातच थंडी झाली. सांगा न, तुमी काय म्हनलं असतं?