पिवळी चौकट

धराबाईंचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते कुणाला लागत नाही. दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत अठ्ठावीस वर्षं "खोल श्वास घ्या... धरा... सोडा" म्हणता म्हणता त्या धराबाई झाल्या. घरीही सुटका नाही. त्या रुसून बसल्या की नवरा दारातून म्हणतो, "अगं, धरलंस ते पुष्कळ झालं, आता सोड."

बाई कामाला चोख आणि तोंडानं फटकळ. पेशंटनं छाती लावण्याआधी यंत्राची थंडगार पाटी त्या तळव्यांनी चोळून घेत आणि "साखळी काढा, वेणी वर, हनुवटी टेका, खांदे पुढं" हे सगळं एका दमात पाढ्यासारखं म्हणत. नवीन आलेल्या तंत्रज्ञांना त्यांचा पाढा ऐकूनच काम यायचं.

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांच्या आधी एक्स-रे वाचणारा कॉम्प्युटर आला. शंका आली की तो त्या जागेवर पिवळी चौकट काढी. धराबाईंनी त्याचं नाव सासूबाई ठेवलं, कारण प्रत्येकात खोट काढायची त्याला हौस फार. पण एका ट्रक ड्रायव्हरच्या फुप्फुसातला वाटाण्याएवढा डाग, जो कुणाच्याच नजरेत भरला नव्हता, तो सासूबाईंनी पकडला आणि माणूस वेळेत वाचला. तेव्हापासून धराबाई टोमणे मारत, पण मान ठेवून.

महिन्याभरापूर्वी पडद्यावर एक यादीही आली. साखळी, बटणं, चिमटे, हूक. एकेक खूण करायची, मगच यंत्र पुढं जाई. धराबाईंना बरंच वाटलं. घसा वाचला!

एक दिवस दुपारी गर्दी ओसरल्यावर दारात एक बाई येऊन उभी राहिली. गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणारी. तीन आठवडे खोकला जाईना म्हणून चार दिवसांपूर्वी तिचा एक्स-रे झाला होता. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला पिवळी चौकट आली होती आणि डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिला होता. तारीख तीन आठवड्यांनंतरची.

"बाई, तुम्ही रोज शेकड्यांनी फोटो बघता. खरं सांगा, ऑर्डरी घेऊ की नको? मुलीला मशीनवर बसवलंय. म्हटलं, मी नसले तर तिच्या हाताला काहीतरी असावं. तर पोरगी बाही उलटी जोडते नि माझ्यावरच खेकसते."

ती हसली, पण डोळे भरले होते. बोलताना तिनं आपली जाडजूड वेणी उजव्या खांद्यावरून पुढं ओढली आणि शेंडा बोटाभोवती गुंडाळत राहिली. सवयच असावी.

धराबाईंची नजर त्या वेणीवर खिळली. "वेणी वर" यादीत नव्हतं. आणि जे यादीत नव्हतं, ते त्यांनी महिनाभर तोंडानंही म्हटलं नव्हतं.

"बसा इथंच, कुठं जाऊ नका," असं म्हणून त्यांनी तिचा एक्स-रे उघडला आणि मोठा केला. डाग फुप्फुसाच्या टोकाला होताच, पण तो गळपट्टीच्या हाडावरून थेट मानेपर्यंत चढला होता. फुप्फुस काही मानेत जात नाही. बारीक बारीक रेघाही दिसत होत्या, पेडात पेड.

तरी एवढ्यावर बोलायची त्यांची छाती होईना. नोंदी ठेवणाऱ्या मॅडमना त्यांनी फोन लावला. "फुप्फुसाच्या टोकाच्या चौकटी तेवढ्या काढा. बाया वेगळ्या, पुरुष वेगळे. यादी यायच्या आधीच्या आणि नंतरच्या."

दहा मिनिटांत आकडे आले. आधी दर महिन्याला दोन्हीकडे चार-पाच. यादी आल्यावर पुरुष चार आणि बाया एकवीस. त्यांतल्या चौघींचा सीटी होऊन गेला होता. काहीच निघालं नव्हतं, तेव्हा सुटलो म्हणत सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं.

डॉक्टरांच्या खोलीत त्या पडलेल्या चेहऱ्यानं शिरल्या. "चूक माझी आहे. वेणी वर घ्यायला सांगितलंच नाही."

डॉक्टरांनी फोटो पाहिला, आकडे पाहिले, चष्मा काढला. "हे मलाही दिसायला हवं होतं की. चौकट दिसली आणि मी चौकटीतच बघत राहिलो." मग म्हणाले, "पुन्हा काढा. पण सगळ्याच चौकटी वेण्यांच्या निघतील असं धरून चालू नका."

धराबाईंनी स्वतःच्या हातानं ती वेणी डोक्यावर बांधली. पाटी चोळायचं विसरल्या. "श्वास घ्या... धरा..." आणि इकडे त्यांचाच श्वास अडकला. "सोडा."

पडद्यावर दोन्ही फुप्फुसं स्वच्छ आली. चौकट नाही. डॉक्टरांनी स्वतः येऊन पाहिलं, सीटी रद्द केला, खोकल्याचं औषध लिहून दिलं. धराबाईंना रडू आलं ते त्यांनी लपवलं नाही.

"म्हणजे माझ्या वेणीमुळं?" शिवणवाली कपाळाला हात लावून म्हणाली.

"वेणीमुळं नाही. माझ्यामुळं. मी सांगायला चुकले."

तिनं डोक्यावरची वेणी सोडून पाठीवर टाकली. राग होता, तो चेहऱ्यावर दिसत होता, आणि धराबाई तो मुकाट्यानं बघत उभ्या राहिल्या. चार दिवस आणि चार रात्री तिनं काय काय मनात आणलं असेल याचा हिशेब कुठल्या कॉम्प्युटरला लागणार?

शेवटी तिनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"माझ्यासारख्या अजून किती जणी आहेत?"

"सोळा."

"आणि तुम्ही माझ्यापुढं मान खाली घालून उभ्या काय राहिलात? त्या घरी मरणाची वाट बघत बसल्यात. आधी त्यांना बोलवा!"