म्हशीला थिनर खपत नाही

सत्तरच्या दशकात मी पिंपरीच्या एका कारखान्यात रंगखात्यात होतो. तिथे गाड्या रंगवायचा बूथ साफ करणारा चऱ्होलीचा एक मिशाळ माणूस रोज दिसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो बादलीभर थिनरने भिंती धुवायला लागला, की आमचे सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे.

एके दिवशी तो बादलीऐवजी रद्दी घेऊन आला. साबणाच्या घट्ट पाण्याने त्याने भिंतींवर कागद चिकटवले आणि शिफ्ट संपताना रंगासकट सोलून काढले. थिनर लागलं ते फक्त कोपऱ्यांना. थिनरच्या पिंपाला तर त्याने झाकण बसवलं, आणि थिनर मागायला येणाऱ्याला तो मिशीवरून हात फिरवत आधी विचारायचा, "कशापायी?"

मॅनेजर भलतेच खूश झाले. "वा! कामगारांच्या तब्येतीची फार काळजी घेता तुम्ही."

"तब्येत न्हाई सायेब, म्हस," तो म्हणाला. "अंगाला थिनरचा वास आला की लाथा झाडती, दूध चोरती. कारभारीन म्हनली, येक तर म्हस ठिवा, न्हाईतर नोकरी."

मॅनेजर "असं, असं" म्हणत निघून गेले. कारण काही असो, बूथमध्ये आम्हाला मोकळा श्वास घेता येऊ लागला. महिन्याभराने मी विचारलं, "काय राव, म्हैस खूश?"

त्याने सुस्कारा सोडला. "लई खूश. आता माझ्याबिगर कुनालाच धार काढू देत न्हाई. कारभारीन निवांत बसून चा पिती."