तारीख घालणाऱ्या बाई

बाई फळ्यावर दोन तारखा लिहायच्या. डाव्या कोपऱ्यात आजची आणि उजव्या कोपऱ्यात बरोबर पन्नास वर्षांपुढची, तीही वारासकट. तो वार त्या घरून काढून आणायच्या. मग खडू ठेवून कुणाला तरी उभं करायच्या आणि विचारायच्या, "तू तेव्हा किती वर्षांचा?" आम्ही सातवीत होतो, म्हणजे उत्तर बासष्टच्या आगेमागे असायचं, पण ते देताना प्रत्येकाला हसू यायचं. अलका नावाची एक मुलगी सगळ्यांच्या आधी हात वर करायची. बाई तिला म्हणायच्या, "बरोबर. बस." एकदा मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, "बाई, तवर मी मेलेला आसंन." बाई शांतपणे म्हणाल्या, "मरायचं नंतर बघू. आधी बेरीज कर."

यावरूनच बेलापुरात त्यांचं नाव 'उद्याच्या बाई' पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते, बाईही शिक्षिका झाल्या, लग्न केलं नाही, आणि रविवारी चर्चमधून आल्या की जेवण लांबवून टेबलाशी लिहीत बसायच्या. लिहायच्या त्या विज्ञानकथा. आमच्याकडे लेखक म्हणजे ग्रामीण तरी असतो नाही तर कवी तरी, त्यामुळे बाईंचं नेमकं काय चाललंय हे गावाला कधीच धड कळलं नाही. त्यांच्या गोष्टींत रॉकेट नसायचं. "रॉकेट उडवायला दुसरे आहेत," त्या म्हणायच्या. "त्या दिवशी सकाळी पाणी कोण भरतंय, ते मला सांगायचंय."

दुसरं वेड तारखेचं. लोणच्याच्या बरणीवर तारीख, गॅसच्या सिलिंडरवर तारीख, नव्या चपलेच्या तळव्यालासुद्धा बॉलपेनने तारीख. वहीत तारीख न घालता निबंध दिला की तो न तपासता परत यायचा. "तारीख नसलेला कागद म्हणजे अफवा," असं त्यांनी किती वेळा ऐकवलं असेल. मी त्यांच्या हातचा मार फक्त याच कारणासाठी खाल्लाय, आणि पुढे जे घडलं ते पाहता तो कमीच पडला म्हणायचा.

मोठा झाल्यावर मी श्रीरामपूरला डीटीपीचं दुकान टाकलं आणि मागे एक छोटी प्रेस. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं, असलं सगळं. बाई निवृत्त झाल्या आणि हस्तलिखितं घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. सातवीच्या वर्गातला सगळ्यात ढ मुलगा आपलं शुद्धलेखन उतरवतोय, याची त्यांना गंमत वाटायची. कथांची दोन पुस्तकं झाली. मग एकदा त्यांनी कापडी पिशवीतून चारशे पानांचा गठ्ठा काढला आणि म्हणाल्या, "संजू, ही कादंबरी. दमानं टाईप कर, ही माझी शेवटची."

कादंबरीचं नाव 'रिकामी दावण'. पन्नास वर्षांनंतरचा आपलाच जिल्हा. दूध कारखान्यातल्या टाक्यांत तयार होतंय, जनावर पाळायची कुणाला गरज उरलेली नाही, आणि एका वस्तीवरची एक बाई शेवटची गाय लपवून ठेवते. टाईप करता करता मी दोनदा काम थांबवून बाहेर चहाला गेलो होतो. डोळे पुसायला गेलो होतो असं म्हणणं जास्त खरं आहे.

पुण्याच्या प्रकाशकांनी पुस्तक स्वीकारलं, पण सांगितलं की हल्ली लेखकालाच पुस्तक लोकांपर्यंत न्यावं लागतं, तुम्ही रील करा. बाईंनी कंबर कसली. पहिलं रील माझ्या दुकानासमोर काढलं. बाईंनी मोबाईलकडे रोखून पाहिलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "आधी हातातला मोबाईल खाली ठेवा आणि नीट ऐका." मी म्हटलं, "बाई, खाली ठेवला तर ऐकणार कसे?" यावर त्यांनी बराच विचार केला. रीलचा नाद तिथेच सुटला. मग त्या स्वतःच हिंडू लागल्या. एसटीने वाचनालयांत जायच्या, दूध संकलन केंद्रावर किटल्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांना गाठायच्या. पुस्तक घ्या असं एका अक्षराने म्हणायच्या नाहीत. विचारायच्या, "पन्नास वर्षांनी तुमच्या गोठ्यात काय असेल?" आणि उत्तरं वहीत लिहून घ्यायच्या. एकजण म्हणाला, "गाय नसली तरी चालंल बाई, पोरगं घरी असू द्या." ते त्यांनी वहीत दोन रेघा मारून ठेवलं होतं.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारासाठी पत्रक काढायची कल्पना मात्र त्यांची स्वतःची. कादंबरीत एक सरकारी सूचना येते, तीच जशीच्या तशी छापायची. "सर्व पशुपालकांना कळविण्यात येते की, येत्या महिन्यापासून जनावरांचे दूध स्वीकारले जाणार नाही. तरी जनावरांची विल्हेवाट त्वरित लावावी." खाली पन्नास वर्षांपुढची तारीख, आणि त्याखाली "आगामी कादंबरी 'रिकामी दावण' मधील एक पान". वाचणारा आधी दचकेल, मग तारीख पाहून हसेल, मग विचारात पडेल, असं त्यांचं गणित. मी प्रूफ काढून दाखवलं. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तरी भिंग लावून त्यांनी ते वाचलं आणि सही केली.

लग्नसराईचे दिवस होते. मोठ्या कागदावर चार-चार पत्रकं छापून मी गठ्ठा कटिंग मशीनला लावला आणि माप चुकलं. बोटभर वर कापलं गेलं. बांधताना माझ्या लक्षात आलं की खालच्या दोन्ही ओळी गेल्यात, तारीख आणि कादंबरीचं नावही. पुन्हा छापायला कागद नव्हता, पत्रिकावाले डोक्यावर बसले होते, आणि बाई गाडीच्या वेळेला दारात उभ्या. मी मनात म्हटलं, एवढं कोण वाचतंय. गठ्ठे कागदात गुंडाळून दिले. बाई म्हणाल्या, "तू पाहिलंस ना? मग झालं."

बाजारात बहुतेकांनी ते पत्रक वाचून हसून सोडलं किंवा त्यात भजी खाल्ली. पण मागे जनावरांच्या साथीत बाजार बंद झाले तेव्हाही असाच एक कागद आला होता, ते लोकांच्या मनातून गेलेलं नव्हतं. अलका लग्न होऊन घोडेगावजवळच्याच एका वस्तीवर दिलेली होती. तिचा नवरा बाळासाहेब पेंड घ्यायला बाजारात आलेला. बाईंनी त्याला ओळखलं, अलकाची चौकशी केली आणि पत्रक स्वतः त्याच्या हातात दिलं. अलका तेव्हा माहेरी होती. त्याच संध्याकाळी वस्तीवरून व्यापाऱ्याची पिकअप चालली होती, आणि बाळासाहेबाने घाईघाईत मिळेल त्या भावाला चांदी देऊन टाकली. चांदी म्हणजे त्यांची सात महिन्यांची गाभण गाय. अलकाने ती वासरू असल्यापासून वाढवली होती.

दोन दिवसांनी मी मुखपृष्ठाचा नमुना घेऊन बाईंकडे बसलो होतो, तेव्हा अलका आली. इतक्या वर्षांनी पाहिली, पण ओळखली. तिने तो कागद टेबलावर ठेवला.

"बाई, ह्यो कागद तुमचाच ना?"

"हो. का गं?"

"ह्याच्यापायी चांदी गेली माझी. मालकास्नी इच्यारलं तर म्हनले, तुझ्या बाईंनी हातानं दिला, त्यो खोटा कसा आसंल. मी वाचला. मला बी खरा वाटला, बाई."

बाईंनी भिंग घेतलं. कागदाच्या तळाशी नेलं. कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वर्गात उत्तराची वाट बघायच्या तसं. मी मुखपृष्ठाच्या नमुन्याकडे बघत बसलो.

"चूक माझी आहे, अलका," बाई म्हणाल्या. "तारीख घालायची राहिली."

अलकाचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुमी आमाला मारून मारून तारीख शिकवली, अन तुमचीच ऱ्हाती?" बाईंनी मान खाली घातली. त्यांची मान खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. बोललो नाही. दुकानाचं नाव जाईल, लोक काय म्हणतील, असलं काही तरी डोक्यात होतं. आज ते आठवलं तरी स्वतःची किळस येते.

पुढचा दीड महिना आम्ही चांदी शोधली. माझी मोटरसायकल, मागे बाई, पर्समध्ये अलकाच्या मोबाईलवरून घेतलेला गायीचा फोटो. कपाळावर पांढरा टिळा, डावं शिंग जरा वाकडं. व्यापारी सापडला, पण त्याने गाय पुढे दिली होती आणि तिथून ती जिल्ह्याबाहेर गेली होती. बाई प्रत्येक बाजारात दावणीमागून दावण फोटो धरून फिरायच्या. एक व्यापारी वैतागून म्हणाला, "बाई, गाय म्हंजे काय पुस्तक हाय का, नाव बघून सापडायला?" बाईंनी त्याचं म्हणणं खरं असल्यासारखी मान हलवली आणि पुढच्या दावणीकडे गेल्या. शेवटी त्यांनी एक चांगली कालवड घेऊन वस्तीवर पाठवली. अलकाने ती त्याच टेम्पोतून परत पाठवली. ड्रायव्हरजवळ निरोप होता, "ही चांदी न्हाई."

त्या दिवशी परतताना बाई मागून म्हणाल्या, "संजू, तुला काही सांगायचंय का?"

"नाही, बाई."

मग म्हणाल्या, "बरं. पुढं खड्डा आहे, सांभाळ."

तोवर पत्रकाची गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरली होती. प्रकाशक खुशीत होते. त्यांचा फोन आला तेव्हा मी समोर होतो. "बाई, याहून चांगली जाहिरात पैसे मोजून मिळाली नसती. प्रकाशन लवकर उरकू." बाई म्हणाल्या, "पुस्तक राहू द्या." प्रकाशकांना वाटलं, काही दिवस राहू द्या. बाई म्हणाल्या, "छापूच नका." प्रकाशकांनी समजावलं, मी समजावलं. मी तर फारच तळमळीने समजावलं, कारण पुस्तक आलं असतं तर मला थोडं हलकं वाटलं असतं. बाईंनी एवढंच विचारलं, "अलकाच्या हातात मी ते कोणत्या तोंडानं देऊ?"

त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. बरण्यांवर तारखा घालणंही थांबलं. मी जायचो तेव्हा चहा करायच्या, माझ्या मुलांची चौकशी करायच्या, आणि पुढचं काही विचारायच्या नाहीत. ज्या बाई जन्मभर पुढचंच विचारत आल्या, त्या आता कालचंसुद्धा बोलेनात. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मातीला शाळेतली निम्मी माणसं होती. अलका नव्हती.

बाईंच्या भाचीने घर आवरताना मला बोलावलं. म्हणाली, हे तुमच्या नावाने ठेवलंय. हस्तलिखिताचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. सगळ्यात वर पत्रकाचं ते प्रूफ, तळाशी तारीख, त्याखाली कादंबरीचं नाव, आणि बाजूला बाईंच्या लाल पेनाने 'बरोबर' आणि सही. म्हणजे पहिल्या दिवसापासून तो कागद त्यांच्या घरात होता. अलका टेबलासमोर उभी असताना तो त्याच टेबलाच्या खणात असेल. त्यांनी तो उघडला नाही.

मी सरळ वस्तीवर गेलो. अलका गोठ्यासमोर गवत टाकत होती, दावणीला एक म्हैस होती. मी प्रूफ तिच्या हातात दिलं आणि जे घडलं ते सांगितलं. कटिंग मशीनपासून सगळं.

तिने ते दोनदा वाचलं. "म्हंजे बाईंनी तारीख घातली हुती."

"हो."

"अन मी आल्ते तवा तुमी तिथंच बसला हुता, संजूभाऊ."

"हो."

म्हैस गवत ओढत होती. मग अलका म्हणाली, "मी त्यांच्या मातीला गेले न्हाई. मालक म्हनले चल, मी न्हाई म्हनले." हे सांगताना ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने हात पुसला आणि त्या तारखेवर बोट ठेवलं. ओठ हलले, शाळेत हलायचे तसे.

"एक्क्याण्णव," ती म्हणाली.

आणि मान वर करून थांबली. बाई अशा वेळी 'बरोबर, बस' म्हणायच्या. माझ्या तोंडून ते निघालं नाही.